गुरुग्राम : आराखड्याबाहेरील हरित क्षेत्रे

शहरातील हिरवळ म्हटले की महापालिकेची उद्याने डोळ्यांसमोर येतात. मात्र टेकड्या, ओढ्यांचे काठ, बंद पडलेल्या खाणी, गायराने आणि देवराया यांवरही शहराचे पर्यावरण अवलंबून असते. विकास आराखड्यात उद्यान म्हणून न दाखवलेल्या अशा जागांना अनौपचारिक हरित क्षेत्रे म्हटले जाते. सरकारी कागदपत्रांत त्यांची नोंद कशी होते, यावर त्यांचे भवितव्य ठरते. हरियाणातील गुरुग्राम हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

महसुली नोंदीचा प्रश्न

गुरुग्रामलगतच्या अरवली डोंगरातील बऱ्याच जमिनीची महसुली दप्तरात 'गैर मुमकिन पहाड', म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर, अशी नोंद आहे. महाराष्ट्रातील 'पोटखराब' या नोंदीशी तिचे साम्य आहे. शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेल्या याच भेगाळ खडकांतून पावसाचे पाणी भूगर्भात मुरते. केंद्र सरकारने ७ मे १९९२ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार तत्कालीन गुडगाव जिल्ह्यातील अशा जमिनींवर नवे खाणकाम, वृक्षतोड व बांधकाम यांवर निर्बंध घालण्यात आले. दप्तरातील नोंद काहीही असली, तरी 'वन' या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिला.

खाणीचे झाले वन

दिल्लीच्या सीमेवरील अरवली जैवविविधता उद्यानाच्या जागी पूर्वी दगडखाणी होत्या. २०१० मध्ये हे उद्यान सुरू झाले. 'आय अॅम गुडगाव' ही नागरिकांची संस्था, महापालिका आणि तज्ज्ञ यांनी तेथे विलायती बाभूळ हटवून धावडा, सालई, पळस, खैर असे स्थानिक वृक्ष लावले. २०१८ मध्ये उद्यानातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी त्यास विरोध केला. २ फेब्रुवारी २०२२ रोजी या उद्यानाला संरक्षित क्षेत्रांबाहेरील संवर्धन क्षेत्र, अर्थात 'ओईसीएम', म्हणून मान्यता मिळाली. हे देशातील असे पहिले क्षेत्र होय. या मान्यतेमुळे प्रतिष्ठा लाभते. स्वतंत्र कायदेशीर संरक्षण मात्र मिळत नाही.

मांगर बनी

गुरुग्रामच्या सीमेलगत, फरीदाबाद जिल्ह्यात मांगर बनी ही देवराई आहे. गुदडिया दास बाबांवरील श्रद्धेपोटी आसपासच्या गावांनी येथील फांदीही न तोडण्याचा नियम पिढ्यान्पिढ्या पाळला. मात्र गावाची सामायिक जमीन खासगी मालकीत गेल्यावर केवळ श्रद्धेचे संरक्षण अपुरे ठरू लागले. अखेर २०१६ मध्ये हरियाणा सरकारने ६७७ एकर बनी आणि तिच्याभोवतीचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याचे ठरवले.

नियोजनातील स्थान

पुण्याच्या टेकड्यांसाठी विकास आराखड्यातच जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले. आराखडा तयार करतानाच अशा जागांची पाहणी करून त्यांचा वापर निश्चित करणे, हा त्यामागील विचार आहे. नोंद नसलेली हिरवळ 'मोकळी जमीन' ठरते आणि मोकळ्या जमिनीवर प्रथम बांधकामाचाच दावा सांगितला जातो, हे गुरुग्रामच्या अनुभवावरून दिसून येते.