किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटर

मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि देशाच्या सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. ही मनाई राज्यघटनेच्या २७व्या अनुच्छेदात आहे आणि तिची मुळे टेक्ससमध्ये आहेत.

१८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोला उत्तरेचा विरळ वस्तीचा मुलूख वसवायचा होता. स्टीफन ऑस्टिनसारख्या ठेकेदारांमार्फत अमेरिकी कुटुंबांना तिथे नाममात्र दरात जमिनी देण्यात आल्या. पट्टा राखून ठेवण्याचा विचार तेव्हाही होता. १८२४ च्या वसाहत कायद्याने सरहद्दीपासून २० लीग, म्हणजे सुमारे ८४ किलोमीटर, आणि किनाऱ्यापासून १० लीग एवढ्या अंतरात केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून वसाहत करायला बंदी घातली होती. पण हा निर्बंध पुरा पडला नाही. थोड्याच वर्षांत टेक्ससमध्ये इंग्रजी बोलणारे स्पॅनिशभाषकांपेक्षा कितीतरी अधिक झाले. १८३० मध्ये अमेरिकेतून येणाऱ्यांना मज्जाव करण्यात आला, तोवर वेळ निघून गेली होती. १८३६ मध्ये टेक्सस फुटून निघाले, १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाले. अमेरिकेशी झालेले युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहानंतर हिशेब झाला, तेव्हा टेक्सस धरून मेक्सिकोची निम्म्याहून अधिक भूमी हातची गेली होती.

दुसरा धडा फ्रान्सने दिला. आपल्या नागरिकांच्या नुकसानभरपाईसाठी फ्रेंच आरमाराने १८३८ मध्ये व्हेराक्रूझ बंदराची नाकेबंदी करून तोफा डागल्या. या दाव्यांत एका मिठाईवाल्याच्या दुकानाचाही समावेश होता. परदेशी माणसाच्या मालमत्तेमागे त्याच्या सरकारच्या तोफा उभ्या राहतात, हा अनुभव साऱ्या लॅटिन अमेरिकेचा होता. म्हणूनच अर्जेंटिनाचे कायदेपंडित कार्लोस काल्वो यांनी मांडलेले तत्त्व तिथे रुजले: परक्याने स्थानिक न्यायालयातच दाद मागावी, मायदेशाला मध्ये आणू नये.

तरीही पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ राजवटीत (१८७६–१९११) दारे सताड उघडली गेली. पडीक सरकारी जमिनी मोजून देणाऱ्या कंपन्यांना मोबदला म्हणून मोजलेल्या क्षेत्राचा एक तृतीयांश हिस्सा मिळे. अशा मोजणीत गावकऱ्यांच्या कागद नसलेल्या वहिवाटीच्या जमिनीही गिळल्या गेल्या. मेक्सिकालीच्या खोऱ्यात लॉस एंजेलिसच्या भांडवलदारांची एकच कंपनी लाखो एकरांची मालक झाली. पुढे मेक्सिकन क्रांतीचा भडका उडाला, त्यामागे जमिनीचा हा प्रश्न ठळकपणे होता.

५ फेब्रुवारी १९१७ च्या राज्यघटनेत दोन्ही धडे उतरले. भूमी मुळात राष्ट्राची, हे सूत्र आधी आले. परदेशी माणसाने परराष्ट्र मंत्रालयापुढे लिहून द्यायचे की, या मालमत्तेपुरते आपण मेक्सिकन समजले जाऊ आणि आपल्या सरकारचे संरक्षण मागणार नाही. करार मोडल्यास मालमत्ता जप्त होते. राखीव पट्ट्यात तर या अटीवरही थेट मालकी नाही.

पुढे पर्यटन वाढले आणि कायद्याला वळसा घालणे सुरू झाले. स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी व्हायची, पैसा परदेशी माणसाचा. आपल्याकडच्या बेनामी व्यवहारासारखेच. नाव देणारा उलटला की पैसे देणाऱ्याला दाद मागायला जागा उरत नसे. १९७१ मध्ये सरकारने यावर सनदशीर वाट काढली, ती ‘फिदेइकोमिसो’ या विश्वस्त कराराची. दस्त बँकेच्या नावावर राहतो. लाभार्थी परदेशी माणूस तिथे राहू शकतो, घर भाड्याने देऊ शकतो, आपला हक्क विकू शकतो किंवा वारसाला देऊ शकतो. १९७३ च्या कायद्याने याची मुदत ३० वर्षे ठेवली. १९९३ च्या कायद्याने ती ५० वर्षे केली आणि नूतनीकरणाची सोय दिली.

खरा धोका आजही सामूहिक मालकीच्या ‘एहिदो’ जमिनींत आहे. क्रांतीनंतर शेतकऱ्यांना मिळालेल्या या जमिनी १९९२ पर्यंत विकताच येत नव्हत्या आणि आजही कायदेशीर प्रक्रियेने खासगी झाल्याशिवाय परदेशी व्यक्तीला घेता येत नाहीत. एन्सेनाडाजवळ पुंता बांदा येथे अनेक अमेरिकी कुटुंबांनी एहिदोकडून भाडेपट्ट्याने जागा घेऊन घरे बांधली होती. जमीन मूळ खासगी मालकांचीच असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि २००० मध्ये या कुटुंबांना घरे सोडावी लागली.

राहत्या घरांपुरती किनाऱ्यावरची मनाई उठवण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला, पण सिनेटमध्ये तो अडला आणि अनुच्छेदातील ५० व १०० हे आकडे कायम राहिले.