प्रस्तावना : सॉकेट शिकताना

नेटवर्कवर चालणारे प्रोग्राम आज बहुतेक जण तयार लायब्ररी वापरून लिहितात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या लायब्ररीच्या तळाशी सॉकेट, म्हणजे प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणारे टोक, असते. जोडणी मध्येच तुटली, उत्तर अर्धेच आले किंवा सर्व्हर गप्प झाला, की तळाशी काय चालते हे ठाऊक असणाऱ्यालाच दोष सापडतो. ज्यांना सी किंवा पायथन बऱ्यापैकी येते आणि त्या तळापर्यंत जायचे आहे, त्यांचे या विषयात मनापासून स्वागत. नेटवर्किंगचे पूर्वज्ञान इथे गृहीत धरलेले नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने टीसीपी/आयपी ही संवादाची नियमावली स्वीकारली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत सॉकेट सर्वांच्या हाती आले. युनिक्समध्ये फाइल उघडली की एक छोटा पूर्णांक मिळतो आणि पुढचे वाचणे-लिहिणे त्याच्याच आधारे चालते. दूरच्या यंत्राशी बोलण्यालाही बर्कलेच्या मंडळींनी हाच शिरस्ता लावला. चार दशके उलटली, तरी लिनक्स, विंडोज आणि मोबाइल या सगळ्यांवर मूळ आराखडा तोच आहे.

हा आराखडा आटोपशीर आहे. सर्व्हर सॉकेट तयार करतो, ‘बाइंड’ने त्याला यंत्राचा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावरचा प्रोग्राम ओळखण्याचा क्रमांक, देतो, ‘लिसन’ने जोडण्यांची वाट पाहू लागतो आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ने आलेली जोडणी स्वीकारतो. क्लायंटला सॉकेट तयार करून ‘कनेक्ट’ म्हटले की पुरते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करावी : ‘अ‍ॅक्सेप्ट’ दर वेळी नवे सॉकेट देते. संभाषण त्या नव्या सॉकेटवर होते. मूळ सॉकेट पुढच्या क्लायंटसाठी मोकळेच राहते.

खरी कसोटी यापुढे लागते. टीसीपी बाइट क्रमाने पोचवते, पण तुमचा एक संदेश कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, याची नोंद ठेवत नाही. ‘नमस्कार’ हा शब्द युटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा होतो, कारण त्यातल्या सातही चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. समोरच्या प्रोग्रामच्या एका वाचनात त्यातले दहाच बाइट आले, तर हाती ‘नमस’ पडते आणि हलन्ताचा पहिला बाइट अधांतरी राहतो. तेवढ्यावरच अक्षरे जुळवू पाहणारा प्रोग्राम तिथेच अडखळतो. नेटवर्कचे यात काही चुकलेले नसते. म्हणून आधी लांबी पाठवायची की ओळीच्या शेवटी ठरावीक खूण ठेवायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे आणि पुरेसे बाइट जमेपर्यंत वाचत राहायचे. यूडीपी या दुसऱ्या नियमावलीत प्रत्येक संदेशाची सीमा टिकते, पण संदेश पोचेलच याची हमी नसते.

नेटवर्क नेमके कशाचे वचन देते आणि कशाचे देत नाही, हे ओळखणे म्हणजे सॉकेट शिकणे. फंक्शनांची नावे एका संध्याकाळी पाठ होतात. ही जाण मात्र प्रोग्राम चालवून आणि मोडूनच येते. त्यामुळे वाचता वाचता हात चालू ठेवा. दोन टर्मिनल उघडा, १२७.०.०.१ या स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्यावर आलेले बाइट जसेच्या तसे परत पाठवणारा सर्व्हर लिहा. मग क्लायंट मध्येच बंद करून पाहा : वाचनाचे उत्तर शून्य येते, म्हणजे पलीकडच्याने पाठवणे संपवले. सर्व्हर थांबवून लगेच पुन्हा सुरू करा. पत्ता आधीच वापरात असल्याची तक्रार आली, तर तिचे कारण शोधा. प्रत्येक फंक्शनने परत दिलेली किंमत तपासण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. ही सवय अंगवळणी पडली की पुढे भाषा कोणतीही असो, नेटवर्कवरचा बिघाड तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.