नांदेडचा क्रिकेटचा पत्ता : वेस्ट झोनची गोष्ट

काल कट्ट्यावर एका पोराने विचारलं, "दादा, विदर्भाची रणजी टीम आहे, मुंबईची आहे, मग मराठवाड्याची का नाही?" उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण वाचा.

रणजी ट्रॉफी सुरू झाली 1934-35 ला. देश मोठा, प्रवास रेल्वेचा, म्हणून चार झोन पाडले : उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. आधी आपापल्या झोनमध्ये भिडायचं, जिंकेल तो पुढे. आपलं नांदेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे कागदोपत्री आपण साउथ झोनवाले! 1937-38 ला हैदराबादने रणजी जिंकली. फायनलमध्ये नवानगरला हरवलं, तेही एका विकेटने. एडुलजी ऐबारा 137 वर नाबाद राहिले. तो कप आपल्या संस्थानाचा होता, पण त्या वेळी नांदेड-लातूरच्या पोराला त्याचं काय होतं म्हणा!

तिकडे वेस्ट झोनमध्ये मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, नवानगर, वेस्टर्न इंडिया अशी मंडळी. नवानगरने पहिल्याच फटक्यात 1936-37 ला कप नेला. मग आले प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवणारा माणूस, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यांच्या कप्तानीत महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा सलग दोनदा कप जिंकला. 1940-41 ला पुण्यात मुंबईने 650 धावा ठोकल्या, तर महाराष्ट्राने 675. त्यात देवधरांच्या 246!

डिसेंबर 1948 मध्ये, म्हणजे आपला मुक्तिसंग्राम संपून तीनच महिने झाले होते, पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, मॅचच सोडून दिली. निंबाळकरांना कसोटी कधीच मिळाली नाही.

1956 ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. क्रिकेटचा पत्ताही बदलला. आता आपण पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे, वेस्ट झोनवाले.

पण आलो कधी? नेमके मुंबईच्या सुवर्णकाळात. 1958-59 ते 1972-73 सलग पंधरा वेळा मुंबई! झोनमधून एकच टीम पुढे जायची, म्हणजे महाराष्ट्र कितीही चांगला खेळला तरी मुंबईला हरवल्याशिवाय रस्ता नाही. 1970-71 पासून प्रत्येक झोनमधून दोन टीम घ्यायला लागले आणि बघा, त्याच वर्षी फायनल मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! मुंबईचे मोठे खेळाडू भारताकडून वेस्ट इंडीजला गेलेले, तरी सुधीर नाईकांच्या टीमने कप सोडला नाही. पुढे 1992-93 आणि 2013-14 ला महाराष्ट्र पुन्हा फायनलला पोचला, दोन्हीदा हरला. 1940-41 नंतर कप नाही तो नाहीच.

2002-03 ला रणजीतले झोनच गेले, एलिट आणि प्लेट असे गट आले. पण झोन गेले तरी असोसिएशनच्या हद्दी तशाच राहिल्या. एका राज्यात तीन : मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' म्हटलं, 2018 ला सुप्रीम कोर्टाने तिघांचंही पूर्ण सदस्यत्व कायम ठेवलं. विदर्भाची असोसिएशन जुनी, मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळातली, म्हणून ते सेंट्रल झोनला. त्यांनी 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असे तीन कप नेले. आपली हद्द निजामाकडची होती, ती थेट पुण्याला जोडली गेली. मधे आपलं असं काही उभंच राहिलं नाही.

पोरं कमी आहेत असं म्हणू नका. औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी 2001 ला भारताकडून कसोटी खेळला. बीडला जन्मलेला संजय बांगर मोठा झाला तो रेल्वेकडून. जालन्याच्या विजय झोलने 2011 ला कूचबिहार ट्रॉफीत नाबाद 451 केल्या, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 चा अंडर-19 वर्ल्ड कप जिंकून आला, बीडच्या सचिन धसने 2024 च्या सेमीफायनलला 96 मारल्या.

2023 ला महाराष्ट्र प्रीमियर लीग आली, सहा टीम. मराठवाड्याच्या वाट्याला एक, छत्रपती संभाजी किंग्ज. मॅचेस मात्र सगळ्या पुण्याजवळ गहुंजेला.

वेगळी असोसिएशन मागा असं माझं म्हणणं नाही, ती लढाई लांबची. मागणी साधी आहे : निवड चाचण्या नांदेड-लातूरला होऊ द्या, तालुक्याला एक तरी टर्फ विकेट द्या, आणि मोठ्या मॅचेस इकडे नियमित आणा. आपलं श्री गुरु गोविंदसिंघजी स्टेडियम आहे ना! चौदा वर्षांच्या पोराने किट घेऊन रात्रभर प्रवास करायचा, सकाळी पुण्यात उतरून थेट नेटमध्ये उभं राहायचं, आणि सहा चेंडूंत त्याचा निकाल लागायचा, हे बरोबर नाही.

नकाशावरची रेघ पोराने आखलेली नसते. पण किंमत तोच मोजतो.

तुमच्या गावात टर्फ विकेट आहे का? कमेंटमध्ये सांगा, यादी करू.