एका पेशीचा निरोप

आजचा आपला नायक जेमतेम 1 मिलिमीटर लांब आहे. सी. एलिगन्स नावाचा सूत्रकृमी. जिवाणू खातो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. 1960च्या दशकात केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी त्याला संशोधनासाठी निवडलं. जननपेशी सोडल्या तर प्रौढ उभयलिंगी कृमीत बरोब्बर 959 पेशी! जॉन सल्स्टन तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळा लावून या पेशींची वंशावळ लिहायचे.

आता प्रश्न असा, की पेशी आपलं काम ठरवूनच जन्माला येते, की तिला कुणी सांगतं?

उत्तर मिळालं ते अंडी बाहेर पडायच्या दारात, म्हणजे व्हल्वात. कृमीच्या पोटाशी सहा पेशी रांगेत असतात. त्यातल्या तिघींपासून 22 पेशींचा व्हल्वा बनतो, उरलेल्या तिघी गुमान त्वचेत मिसळतात. 1981 मध्ये जुडिथ किंबल यांनी शेजारच्या जननग्रंथीतल्या पेशी लेझरने मारून पाहिल्या. 'अँकर सेल' ही एकच पेशी मारली, तर व्हल्वा बनतच नाही! उलट ग्रंथीतली ती एकटी ठेवून बाकीच्या मारल्या, तरी बनतो. म्हणजे निरोप हिचाच.

पण तो पोहोचतो कसा? इथे बिघडलेले कृमी कामी आले. काहींना व्हल्वाच नाही. त्यांची अंडी पोटातच उबतात आणि पिल्लं आईला आतून खातात. (भयंकर आहे, पण असे कृमी चटकन ओळखू येतात!) काहींच्या पोटावर उलट जास्तीचे उंचवटे. रॉबर्ट हॉर्विट्झ, पॉल स्टर्नबर्ग आणि इतरांनी त्यांच्यावरून साखळी जोडत नेली. अँकर सेल एक प्रथिन सोडते, समोरच्या पेशीवरचा रिसेप्टर ते पकडतो आणि आत 'रास' नावाचा स्विच चालू होतो. सर्वात जवळच्या पेशीला निरोप सर्वात जोरात मिळतो, मग ती शेजारणींना वेगळा निरोप देते.

रास हे नाव कॅन्सरवाल्यांना आधीच माहीत होतं. माणसाच्या ट्यूमरमध्ये बिघडलेलं रास जनुक 1982 मध्येच सापडलं होतं. पण निरोगी शरीरात ते करतं काय, हे धूसर होतं. 1990 मध्ये कृमीतलं 'लेट-60' जनुक म्हणजे रासच निघालं. जादा उंचवटे असलेल्या कृमींत या प्रथिनाचं 13वं अमिनो आम्ल बदललेलं होतं, आणि माणसाच्या ट्यूमरमध्येही नेमकी ही जागा बदललेली सापडते. स्विच चालू स्थितीत अडकतो. अशा कृमीतली अँकर सेल मारून टाकली, तरी पेशी व्हल्वा बनवायला घेतातच.