अंगात आतून थरथर जाणवते, पण बाहेर दिसत नाही?

रात्री आडवे झाल्यावर छातीत, पोटात किंवा पायांत मोबाइल व्हायब्रेट झाल्यासारखे वाटते. घरच्यांनी हात लावून पाहिले तर काहीच लागत नाही. हा तुमचा भ्रम नाही. याला अंतर्गत कंप म्हणतात. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना तो जाणवतो, कोविडनंतरही अनेकांनी तो सांगितला आहे. मात्र केवळ या लक्षणावरून पार्किन्सन्स झाला असे समजू नका.

नेहमीची कारणे : थायरॉइडचे प्रमाण वाढणे, साखर उतरणे, शाकाहारींमध्ये बी१२ ची कमतरता, चिंता, जागरण, जास्त चहा, दम्याचे साल्ब्युटामॉल. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम सोडल्यानेही थरथर होते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करा.

काय करावे? थरथर कधी, किती वेळ होते ते आठवडाभर वहीत लिहा. चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. टीएसएच, साखर, बी१२, कॅल्शियम या तपासण्यांपासून सुरुवात होते. गरज पडल्यास अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय किंवा लोणीचे प्रवरा रुग्णालय गाठा.

थांबू नका : एका बाजूची ताकद जाणे, बोबडी वळणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे अशा वेळी लगेच १०८ ला फोन करा.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. नियमित झोप, दुपारनंतर चहा बंद, संथ श्वसन यांनी अनेकांना आराम पडतो. काळजीने झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत, मराठीत बोलता येते. घरच्यांनो, ‘तुला काही झालेलं नाही’ असे म्हणू नका. सोबत दवाखान्यात जा.