शंभरातली ९८ बाळे

जुलै २०२२ मध्ये पनवेलजवळ अजिवली येथील कंटेनर यार्डात नवी मुंबई पोलिसांनी एका कंटेनरच्या दाराची चौकट उघडली. खबर पंजाब पोलिसांकडून आली होती. चौकटीच्या पोकळीत १६८ पाकिटे दडवलेली निघाली आणि त्यांचे वजन भरले ७२ किलो ५१८ ग्रॅम. माल हेरॉइन, किंमत ३६२ कोटी ५९ लाख रुपये, कंटेनर दुबईहून आलेला. त्याआधी शेजारच्या न्हावा शेवा बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो आणि जुलै २०२१ मध्ये सुमारे २९४ किलो हेरॉइन पकडले गेले होते.

अशा कारवाईच्या कागदात वजन, किंमत, पाकिटे आणि आरोपी एवढेच असते. कायद्याला तेवढेच लागते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर. हेरॉइन पाव किलोहून जास्त भरले की ती ‘व्यापारी मात्रा’. पण ग्रॅम मोजणाऱ्या या कायद्याची झळ दुसरीकडेही लागली. याच पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदना शमवायला मॉर्फिन लागते, आणि मॉर्फिन अफूपासूनच निघते. १९८५ नंतर राज्याराज्यांतले परवाने इतके किचकट झाले की १९९७ मध्ये सबंध देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १८ किलोवर आला. रुग्णांची वाट मोकळी करणारी दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले.

माणसे मोजणारा कागद वेगळा आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात अफू, हेरॉइन आणि अफूच्या जातीच्या गोळ्या-औषधे घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख, आणि त्यातल्या ७७ लाखांना उपचारांची गरज. अशांची संख्या सर्वांत मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. आकडा मोठा आणि मोलाचा आहे. पण माणूस अफूकडे का वळतो, त्याच्या दिवसाच्या कोणत्या तासाला ती लागते, ती नसेल तर त्याचे काय अडते, हे असल्या आकड्यांतून कळत नाही. हे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लिहून ठेवणारा एक अहवाल आपल्याकडे आहे. तो पनवेलच्या खाडीपलीकडचा, मुंबईचा आहे आणि १९२२ सालचा आहे.

पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. १८८३ मध्ये ठाण्यातून काढून ते कुलाब्याला जोडले होते. पनवेलच्या बंदरातून मचवे मुंबईला जात. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभर माणसांपैकी जेमतेम १६ जण त्या शहरात जन्मलेले निघाले. बाकीचे बाहेरून, पुष्कळसे कोकण-देशावरून, पोटासाठी आलेले. गिरणी कामगारांत रत्नागिरीचे लोक सर्वाधिक, पण कुलाबा आणि साताऱ्याचेही पुष्कळ. गिरण्यांतल्या कामगारांचा साधारण पाचवा हिस्सा बायकांचा. त्या मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, नाईकिणीच्या, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीच्या, हाताखाली काम करीत.

या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२१ मध्ये डॉ. एफ. डी. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. सरकारला एकाएकी पाझर फुटला म्हणून नव्हे. १९१९ च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतिणीला प्रसूतीच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवडे विश्रांती द्यावी असा करार केला होता आणि हिंदुस्थान सरकारला आपल्याकडची परिस्थिती तपासायला सांगितले होते. त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्याच गोरेगावचे. बंगालच्या ताग गिरण्यांतली अशीच चौकशी पुढे डॉ. डॅग्मार कर्जेल यांनी केली. म्हणजे बार्न्सबाईंकडे सोपवलेला विषय अफू नव्हताच. त्यांना बाळंतपण पाहायला पाठवले होते, आणि बाळंतपण पाहता पाहता त्यांना अफू सापडली.

त्यांचा अहवाल मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’च्या सप्टेंबर १९२२ च्या अंकात छापला आहे. त्यात एका खोलीचे वर्णन आहे. चाळीचा दुसरा मजला, खोली सुमारे १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली. एका खोलीत सहा कुटुंबे राहतात हे ऐकून घेऊन बाई थांबल्या नाहीत, त्यांनी चुली मोजल्या. मुलेमाणसे मिळून ३० जीव. सहा बायकांपैकी तिघी दिवस भरत आलेल्या. अहवाल लिहिणाऱ्याची नजर कशी असावी याचा हा नमुना आहे. घरातल्या माणसांचा आकडा वाढवून सांगता येतो, लपवताही येतो. चूल मात्र लपत नाही.

याच अहवालात ते वाक्य आहे, ज्याने पुढची काही वर्षे सभागृहे आणि वर्तमानपत्रे ढवळून निघाली: कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना झालेल्या शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते.

हा आकडा पहिल्या वाचनात खरा वाटत नाही. म्हणून तो त्या काळच्या इतर कागदांच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो. मुलांना अफू देण्याची चाल जुनीच होती. लॉर्ड ब्रॅसींच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल ओपियम कमिशनने नोव्हेंबर १८९३ ते फेब्रुवारी १८९४ या काळात देशभर साक्षी घेतल्या आणि शेवटी मुंबईत बैठका केल्या. त्या खंडांत पश्चिम हिंदुस्थानात तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीची नोंद आहे. पण १८९५ च्या अंतिम अहवालात बहुमताने ठरवले की अफूचा वापर येथे फारसा घातक नाही, सबब बंदीचे कारण नाही. हेन्री विल्सन या एका सदस्याने भिन्नमत नोंदवले. आयोगाने २८ हजारांहून अधिक प्रश्न विचारले. पण साक्षीला आलेले बहुतेक अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी. बाळाला गोळी चाटवून कामावर जाणारी बाई अशा बैठकांत साक्ष द्यायला येणार कुठून? माझ्या मते आयोगाच्या निष्कर्षातली खरी खोट इथे आहे. त्याच्या आकडेमोडीपेक्षा त्याच्या साक्षीदारांच्या यादीत ती दिसते.

दुसरा पुरावा दुकानांचा. १८७८ च्या अफू कायद्याखाली परवानाधारक दुकानातून अफू उघड विकली जाई आणि सरकारला तिचे उत्पन्न मिळे. वैद्यकीय गरजेसाठी दर १० हजार लोकसंख्येमागे वर्षाला ६ शेर अफू पुरावी असे राष्ट्रसंघाचे माप होते. गांधीजींचे सहकारी सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२६ मध्ये सरकारी आकड्यांवरून दाखवले की मुंबईत हा खप ४३ शेर, अहमदाबादेत ४२, सोलापुरात ३५ आणि कलकत्त्यात १४४ होता. या शेरांत तान्ह्या मुलांचा वाटा किती हे काढता येत नाही. बाळाची गोळी एवढीशी, तिच्याने शेर वाढत नाहीत. पण मुंबई, अहमदाबाद, सोलापूर ही तिन्ही गिरण्यांची गावे, आणि तिथे अफू वाणसामानाइतकी हाताशी होती, एवढे या आकड्यांवरून नक्की म्हणता येते.

तिसरा कागद मृत्यूचा, आणि तो जपून वाचायला हवा. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ अर्भके दगावली. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत हे प्रमाण ८२८, दोन खोल्यांत ३२२, चार किंवा अधिक खोल्या असणाऱ्यांत १३३. आकडे वाचून काळीज थरथरते. पण त्यांत एक मोठा दोष आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन परत येत. त्या मुलाचा जन्म गावच्या दप्तरात आणि मृत्यू मुंबईच्या. त्यामुळे मुंबईचे प्रमाण फुगते, आणि ते नेमके एका खोलीवाल्यांचे अधिक फुगते. तेव्हा ८२८ हा आकडा जसाच्या तसा धरू नये. खोल्या वाढतात तसे मृत्यू घटतात, हा क्रम मात्र या दोषाने पुसला जाईल असे मला वाटत नाही. आणि यातले किती मृत्यू अफूचे, किती उपासमारीचे, किती जुलाबाचे, हे कोणीही वेगळे केलेले नाही. बार्न्सबाईंच्या आकड्यापुढे मृत्यूचा हा आकडा ठेवून ‘अफूने इतकी मुले मारली’ असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहिले तर कागदात नाही ते त्याच्या पदरी घातल्यासारखे होईल.

मग अफू का? अहवाल वाचताना उत्तर सरळ दिसते. जानेवारी १९२० च्या संपानंतर गिरण्यांचा दिवस दहा तासांवर आला होता. म्हणजे भोंगा वाजल्यापासून सुटेपर्यंत, मधल्या सुट्टीसकट, आई अकरा तास घराबाहेर. तान्हे मूल सोबत न्यायला पाळणाघर नाही. घरी सांभाळायला एखादी म्हातारी, नाहीतर सहा-सात वर्षांची बहीण. अफू घातलेली बाळगोळी बाजारात तयार मिळे आणि स्वस्त पडे. सकाळी ती दिली की मूल आई परत येईतो गुंगीत पडून राही. रात्री पुन्हा, कारण ३० माणसांच्या खोलीत एक मूल रडले तर ३० जणांची झोप जाते आणि सकाळी सगळ्यांनाच भोंगा असतो.

गोळी औषधासारखी वाटे यालाही कारण होते. अफूतले मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंद करते, म्हणून जुलाब थांबतात, खोकलाही दबतो. आईला हा गुणच दिसे. पण तेच मॉर्फिन श्वास मंदावते, आणि तान्ह्या मुलाचे यकृत ते लवकर निकामी करू शकत नाही, म्हणून मोठ्यांच्या मानाने कणभर मात्राही जड जाते. शिवाय गुंगीतले मूल भुकेने रडत नाही, न रडणाऱ्याला कोणी पाजत नाही, आणि ते वाळत जाते. वरून पाहणाऱ्याला मूल शांत दिसते.

गोळी देणाऱ्या आईला दोषी धरून तिला उपदेश करणे सोपे होते आणि त्या काळी तसे लिहिणारे पुष्कळ होते. बार्न्सबाईंच्या अहवालाचे मोल असे की त्याने गोळीचा धागा गिरणीच्या घड्याळापर्यंत नेला. एकदा तो तिथे पोहोचला की उपायही बदलतो. बंदी घातली तरी आईचे अकरा तास तसेच राहणार होते.

१९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतिणीला विश्रांती आणि भत्ता देणारे विधेयक आणले. सरकारने विरोध केला आणि ते फेटाळले गेले. मग प्रयत्न मुंबईच्या कौन्सिलात सुरू झाला. तिथले विधेयक आर. एस. आसवले यांचे. २८ जुलै १९२८ च्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमातून मालकाचा फायदा होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मालकांचे म्हणणे अर्थातच उलट होते: खर्च वाढेल, आणि मग बायकांना कामावर ठेवणेच परवडणार नाही.

१९२९ मध्ये कायदा झाला. सहा महिने नोकरी झालेल्या बाईला दिवसाला आठ आणे, प्रसूतीच्या आधी तीन आणि नंतर चार आठवडे. सात आठवड्यांचे मिळून साडेचोवीस रुपये. वॉशिंग्टनच्या बारा आठवड्यांच्या मानाने हे तोकडे होते. आणि आठवा आठवडा उजाडला की आई पुन्हा खात्यात आणि मूल पुन्हा खोलीत. शिवाय कामावर ठेवणे न ठेवणे नाईकिणीच्या आणि मालकाच्या हातात राहिले, तेव्हा सहा महिन्यांची अट पुरी होण्याआधीच खाडा दाखवणे अवघड नव्हते.

आठव्या आठवड्यानंतरचे काय, हा प्रश्न हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करून १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगापुढे आला. ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. पाळणाघरांची शिफारस झाली, आणि १९३४ च्या कारखाने कायद्यात कलम आले: पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली असावी असा नियम प्रांतिक सरकार करू शकेल. करू शकेल, केलाच पाहिजे असे नव्हे. आणि ज्या कारखान्यात बायका पन्नास किंवा त्याहून कमी, तिथल्या आईला तेवढाही आधार नव्हता.