नळामागचे धरण

मुंबईतील माणूस सकाळी नळ सोडतो आणि पाणी येते. ते कोठून आले हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. आमच्या आटगावच्या माणसाला मात्र तो पडल्यावाचून राहत नाही. ज्या तानसा धरणाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला जात आहे, ते आटगाव स्टेशनापासून फार दूर नाही. आणि तरीही याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. साठा कोठे आहे यापेक्षा त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे अधिक महत्त्वाचे असते, हा धडा आमच्या भागाने फार पूर्वीच घेतलेला आहे.

हाच धडा आज वैयक्तिक संकेतस्थळाच्या बाबतीत लागू पडतो. संकेतस्थळाची दोन अंगे असतात. वाचकाला दिसते ते पान म्हणजे नळ. त्यामागे जे असते, म्हणजे चोवीस तास जागा असणारा सर्व्हर, मागणी ऐकून उत्तर देणारा प्रोग्राम आणि मजकूर सांभाळणारा डेटाबेस, ते धरण होय. नळाची तोटी सुंदर असावी याची चिंता सर्वांना असते. धरणाची चिंता थोडेच वाहतात.

या मागच्या अंगाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला. तो त्यांच्या मेजावरचा एक संगणक होता, आणि तो कोणी बंद करू नये अशी चिठ्ठी त्यावर लावलेली होती! प्रारंभी सर्व्हर केवळ तयार पाने पाठवी. १९९३ च्या सुमारास, मागणी आल्यावर प्रोग्राम चालवून पान तेथल्या तेथे रचण्याची सोय झाली.

पुढे १९९५ हे वर्ष उजाडले. रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी, आपला परिचय कोण वाचतो हे मोजण्याकरिता, काही छोटे प्रोग्राम लिहिले होते. ते त्यांनी त्या वर्षी जूनमध्ये सर्वांना खुले केले. पीएचपी ही भाषा अशी एका माणसाच्या घरगुती गरजेतून जन्मली. अपॅची हा सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस हेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. तिन्ही पुढे कोणासही विनामूल्य वापरता येऊ लागले. आणि त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट चालू केले. साधने आणि वाट एकाच वर्षी आली, हा योग विलक्षण खरा.

परंतु मराठी माणसाची अडचण वेगळी होती. देवनागरीसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण ठरले आणि युनिकोडही त्याच वर्षी आले. तथापि व्यवहारात ज्याचा त्याचा फाँट निराळा असे, आणि तो नसला की मजकुराचा खिचडा होई. युनिकोड रुळल्यावरही डेटाबेसने दगा दिला. मायएसक्यूएलमध्ये युनिकोड साठवण्याची नीट सोय २००४ च्या ४.१ या आवृत्तीत आली. त्यानंतरही मांडणीत चूक राहिली, तर मराठी लेखाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. ‘आटगाव’ या शब्दात पाच खुणा आहेत; यूटीएफ-८ पद्धतीत त्या पंधरा बाइट व्यापतात. रोमन लिपी गृहीत धरून बांधलेल्या भांड्यात आमची अक्षरे मावत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हवाच कशाला? मोठ्या कंपन्या फुकट जागा देतात, तेथे लिहावे. यात तथ्य नाही असे नाही. घरोघरी विहीर खणावी असे आम्हीही म्हणत नाही. परंतु जिओसिटीजचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९९४ पासून लक्षावधी लोकांनी तेथे आपली पाने उभी केली. १९९९ मध्ये ती जागा याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही हितचिंतकांनी धावपळ करून बराच भाग वाचवला. पण लिहिणाऱ्यांचा त्यावर अधिकार नव्हता, हे उघड झाले.

म्हणून सर्व्हर भाड्याचा असला तरी चालेल. तीन गोष्टी मात्र आपल्या हाती असाव्यात. पत्ता, म्हणजे डोमेन, आपल्या नावावर असावा. २०१४ पासून तो ‘.भारत’ असा देवनागरीतही घेता येतो. मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा साध्या स्वरूपात असावा. आणि त्याची एक प्रत नेहमी दुसऱ्या ठिकाणी असावी. ती प्रत परत उभी राहते की नाही, हे अधूनमधून पाहावे. न तपासलेला बॅकअप म्हणजे पावसाळ्यापूर्वी न पाहिलेले छप्पर. बांधणे एकदाच होते, राखणे मात्र रोजचे असते. प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवणे आणि डोमेनचे भाडे वेळेवर भरणे ही कामे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. पण ती चुकली की पान नाहीसे होते.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकूर, वारली आणि महादेव कोळी यांची गाणी आहेत, औषधी वनस्पतींची नावे आहेत, शेतीचे शब्द आहेत. उद्या एखादी शिकलेली मुलगी ते सारे टिपून जगापुढे ठेवील. तिचे पान मुंबईत वाचले जावे, परदेशातही वाचले जावे. परंतु त्या साठ्याची किल्ली तिच्याच हाती असावी. पाण्याच्या बाबतीत आमच्या भागाला जे साधले नाही, ते शब्दांच्या बाबतीत साधण्यासारखे आहे.